जाळी बसेना, पट्टी सरळ येईना

जुन्या गाड्यांच्या प्रश्नोत्तरांत या वेळी आलेली बहुतेक पत्रं गाडीच्या तोंडाबद्दलची आहेत. नव्याने बनवलेली जाळी, बॉनेटवरची पट्टी, अक्षरं, चिन्हं. हे भाग ‘अगदी मूळसारखे’ म्हणून विकले जातात, पण खोक्यातून काढले आणि लावले असं क्वचितच होतं. त्यांना थोडं घडवावं लागतंच, हे धरून चाला.

प्रश्न (पुणे) : माझी १९७६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. रंगकाम पूर्ण झाल्यावर ॲल्युमिनियमची नवी जाळी मागवली. डावीकडची भोकं जुळतात, उजवीकडची साधारण ३ मिमी बाहेर पडतात. डेंटर म्हणतो, जाळीचीच भोकं वाढवू. वाढवू द्यावीत का?

उत्तर : नको. आधी चूक जाळीची आहे की गाडीची, ते ठरवा. जुनी जाळी वाकडी-तुटकी का होईना, ठेवली असेल तर दोन्ही टोकांच्या भोकांमधलं अंतर दोन्ही जाळ्यांवर मोजा. सारखं आलं तर नव्या जाळीवर खापर फोडण्यात अर्थ नाही. कुर्ल्याहून बाहेर पडल्यापासून पन्नासेक वर्षांत पुढचा पत्रा कुठे ना कुठे ठोकर खाऊन सरळ केलेला असतोच. तो तपासायला दोरी किंवा टेप पुरते. एका मडगार्डच्या वरच्या कोपऱ्यापासून दुसऱ्या बाजूच्या मडगार्डच्या खालच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरपं माप घ्या, मग उलट बाजूने घ्या. दोन मापांत ३-४ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर पुढचा भाग तिरका झालेला आहे.

दुसरं कारण लांबीचं, म्हणजे पुट्टीचं. जाळी जिथे टेकते त्या कडेवर डेंटरने दीड-दोन मिमी लांबी चढवली असेल तर जाळी तेवढी पुढे आणि बाजूला ढकलली जाते. भोकांच्या आतही प्रायमर आणि रंग साचतो. रंग झाल्यावर भोकं जुळेनाशी होतात ती बऱ्याचदा यामुळे. जाळी, पट्ट्या, हेडलाइटच्या रिंगा आणि बंपर हे सगळं रंगाच्या आधी एकदा लावून, पाहून, काढून ठेवायचं असतं ते याचसाठी.

आता रंग झालाच आहे तर असं करा. जाळीच्या चारही बाजूंच्या रंगावर मास्किंग टेपचे तीन थर चढवा. आधी बॉनेट नीट बसवा. बॉनेट आणि मडगार्डमधली फट दोन्हीकडे सारखी हवी, ४ ते ५ मिमी. बॉनेट जागेवर नसताना जाळी बसवली तर पुढे बॉनेट हलवल्यावर जाळी परत उघडावी लागते. मग जाळी सगळ्या बोल्टांवर नुसती लटकवा, प्रत्येक बोल्ट दोन-तीन आटेच फिरवा. जिथे अडतं तिथला जाळी धरणारा ब्रॅकेट काढून त्याचं भोक गोल कानशीने लांबट करा. २ मिमीपर्यंत एका बाजूला, फार तर ३. वर रुंद वायसर टाका म्हणजे भोक झाकलं जातं. त्याहून जास्त लागत असेल तर नवा ब्रॅकेट करून घ्या, तो २ मिमीच्या पट्टीचा शंभर पावलांवरचा फॅब्रिकेटरही करून देईल. जाळीचं भोक वाढवलं की तिथली पातळ कड पहिल्या खड्ड्यात फाटते. शिवाय उद्या दुसरी, नीट जाळी मिळाली तर गाडीकडची चूक तशीच राहिलेली असते.

बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने आवळा. टोकं आधी आवळली तर जाळी मधोमध फुगते. ॲल्युमिनियमच्या पत्र्याची जाळी किंचित वळत नसेल तर गादीवर ठेवून हाताने दाब द्या. ओतीव जाळीवर मात्र हा प्रयोग करू नका. ती वाकत नाही, तुटते.

प्रश्न (कोल्हापूर) : १९४८ ची शेवरोले फ्लीटमास्टर आहे. परदेशातून ‘१९४६-४८’ असं लिहिलेली जाळी मिळते आहे. घ्यावी का?

उत्तर : विक्रेत्याकडून फोटो मागवा आणि मगच पैसे पाठवा. युद्धानंतरची १९४६ ची जाळी वेगळी, १९४७ ला ती बदलली. १९४८ मध्ये १९४७ चीच जाळी राहिली, फक्त मधोमध टी अक्षरासारखा एक उभा भाग वाढवला. म्हणजे १९४७-४८ लिहिलेला माल तुमच्या कामाचा, पण तो उभा भाग त्यात आहे की वेगळा घ्यायचा, हे विचारा. आणि १९४६ पासूनच्या सगळ्या गाड्यांना चालते असं कुणी म्हणत असेल तर त्याला जाळ्या विकता येतात, ओळखता येत नाहीत.

जनरल मोटर्सचा मुंबईतला जुळणीचा कारखाना १९२८ ते १९५४ चालू होता, त्यामुळे तुमची गाडी शिवडीला जुळवलेली असण्याची शक्यता आहे. ब्रॅकेटवर इथेच पाडलेली भोकं दिसली तर ती बुजवू नका. नवी जाळी मूळ भोकांवर बसवून पाहा, नंतरची भोकं नंतर. बोल्ट इंची मापाचेच वापरा. एम६ चा, म्हणजे ६ मिमीचा मेट्रिक बोल्ट पाव इंची नटमध्ये सहज जातो, ढिला वाटतो, आवळताना आटे खाऊन टाकतो. ॲम्बेसेडरवाल्यांनीही हे लक्षात ठेवावं, तिचे आटेही इंचातले. फियाट आणि पद्मिनी मात्र मेट्रिक.

प्रश्न (सांगली) : बॉनेटवरच्या ओतीव चिन्हाच्या मागची खुंटी तुटली. वेल्डिंगवाल्याने नकार दिला. फोम टेपने चिकटवू का?

उत्तर : वेल्डिंगवाल्याचे आभार माना. हे चिन्ह जस्ताच्या मिश्रधातूचं असतं, बाजारात त्याला मझाक म्हणतात. चारशे अंशांच्या आतच ते वितळतं, ज्योत लागली की चिन्हाचा गोळा होतो.

दुरुस्ती अशी. तुटलेल्या खुंटीचा उरलेला भाग कानशीने सपाट करा. मध्यावर पंचाने हलकी खूण करा, हलकी म्हणजे खरंच हलकी, नाहीतर पुढच्या क्रोमवर फोड उठते. उभ्या ड्रिलवर २.५ मिमीचं भोक पाडा. त्या जागी चिन्हाची जाडी मोजा आणि निम्म्याहून खोल जाऊ नका. ड्रिलच्या पात्याला तेवढ्या अंतरावर टेप गुंडाळली की कळतं. मग एम३ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार), केरोसीनचे दोन थेंब टाकत, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मझाकचा कीस चिकट असतो, टॅपमध्ये अडकला तर टॅप आतच तुटतो आणि मग चिन्ह गेलंच म्हणायचं. आट्यांत धातूचा इपॉक्सी लावून एम३ ची पितळी किंवा स्टेनलेस आट्याची सळी बसवा, एक दिवस सुकू द्या. लावताना मागून रबरी वायसर, मग साधा वायसर, मग नट. नट बोटांनी घट्ट करा आणि पान्याने जेमतेम पाव फेरा द्या. खुंट्या तुटतात त्या याच शेवटच्या ‘अजून थोडं’मध्ये.

फोम टेप आधुनिक गाडीच्या प्लास्टिकच्या चिन्हाला ठीक. मझाक जड असतं आणि उन्हात बॉनेट तापतं. टेप चिन्हाला धरून ठेवते आणि रंग पत्र्यावरून सोडवते, विशेषतः जुन्या रंगावर नवा रंग चढवलेला असेल तर.

प्रश्न (नाशिक) : ॲम्बेसेडरच्या बॉनेटचा पत्रा बदलला, त्यामुळे मधल्या पट्टीची भोकं नव्याने पाडायची आहेत. एकदा कागदावर आखून पाहिलं तर पट्टी तिरकी दिसते. मधोमध मोजूनसुद्धा!

उत्तर : मोजमाप बरोबर असेल आणि डोळाही बरोबर असेल. बॉनेटच्या दोन कडा एकमेकींशी तंतोतंत सारख्या नसतात, २-३ मिमीचा फरक नेहमीचा. पण पाहणारा कडांशी तुलना करत नाही, तो खालच्या जाळीच्या मध्याशी आणि काचेच्या मध्याशी करतो. तेव्हा मध्यरेषा बॉनेटवरून न काढता जाळीच्या मधल्या दांड्यापासून काचेच्या खालच्या मध्यापर्यंत दोरी ताणून काढा. मग कडांपासून पुढे, मध्ये आणि मागे अशी तीन मापं घ्या. दोरी आणि मापं यांत १-२ मिमीचं भांडण असेल तर दोरीचं ऐका. ५ मिमी असेल तर बॉनेटच वाकडं बसलंय, आधी ते सोडवा. हे काम बॉनेट बंद, चाकांत हवा सारखी आणि गाडी सपाट जागी असतानाच करा.

भोकांची जागा मोजपट्टीने काढू नका. बॉनेटवर दोरीच्या रेषेत रुंद मास्किंग टेप लावा. पट्टीच्या मागच्या प्रत्येक खुंटीच्या टोकाला थोडी लिपस्टिक किंवा ओला रंग लावा, पट्टी त्या रेषेवर धरून एकदाच दाबा, उचला. टेपवर उमटलेले ठिपके म्हणजे तुमची भोकं. नव्या पट्टीच्या खुंट्यांमधलं अंतर जुन्या पट्टीपेक्षा वेगळं निघालं तरी या पद्धतीत बिघडत नाही, आणि ते वेगळं निघतंच.

ड्रिल करण्याआधी बॉनेट उघडून खाली वाकून पाहा. आतली सांगाड्याची पट्टी कुठे आहे? एखादा ठिपका तिच्यावर येत असेल तर तिथे मागून नट लावायला हात पोचणार नाही. अशा वेळी पट्टीवरची ती एक खुंटी कापून टाकणं हे सांगाड्याला भोक पाडण्यापेक्षा बरं, बाकीच्या खुंट्या तेवढा भार घेतात. टोकाची खुंटी मात्र कापू नका, पट्टीचं टोक उचललं की वाऱ्याने शीळ वाजते आणि गाडी धुणाऱ्याचं फडकं अडकून पट्टी उपटली जाते.

पंचची खूण, मग ३ मिमीचं भोक, मग खुंटीहून अर्धा ते एक मिमी मोठं. पात्यावर लाकडाचा ठोकळा किंवा टेप लावा म्हणजे पातं पार होताच झटक्याने खाली जाणार नाही. भोकाच्या दोन्ही कडांचा बर (धारदार कंगोरा) मोठ्या पात्याने हाताने फिरवून काढा. उघड्या पत्र्याला जस्ताचा प्रायमर आणि वर टचअप रंग बारीक ब्रशने लावा आणि २४ तास थांबा. हा थांबा गाळायचा मोह सगळ्यांना होतो. पुढच्या पावसाळ्यानंतर पट्टीखालून तांबूस ओघळ येतो तो याच भोकांतून.

पट्टी क्लिपवर बसणारी असेल तर क्लिप साधारण १५० ते २०० मिमीवर एक, आणि टोकापासून ३०-४० मिमीच्या आत एक. जुन्या क्लिप परत वापरू नका. स्प्रिंगचा दम गेलेला असतो, वरून दिसत नाही. पट्टी एका टोकापासून तळहाताने दाबत जा. हातोडी लागत असेल तर क्लिप चुकीच्या मापाची आहे. आणि रंग ताजा असेल तर घाई नको. ओव्हनमध्ये न भाजलेला पीयू (पॉलियुरेथेन) रंग वरून कोरडा वाटला तरी आतून घट्ट व्हायला दोन-तीन आठवडे घेतो, तोवर पट्टीचा ठसा रंगात कायमचा उमटतो.

प्रश्न (रत्नागिरी) : दीड वर्षात नव्या स्टेनलेस पट्टीखाली गंज आला आणि ॲल्युमिनियमच्या जाळीवर स्क्रूभोवती पांढरी भुकटी. माल खराब की आमची हवा?

उत्तर : हवा कारण आहे, पण चूक बसवण्यातली आहे. दोन वेगळे धातू खारट ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यांचा छोटा बॅटरी सेल तयार होतो आणि त्यातला एक धातू झिजतो. स्टेनलेस आणि लोखंडात लोखंड झिजतं, स्टेनलेस आणि ॲल्युमिनियममध्ये ॲल्युमिनियम. तुमची पांढरी भुकटी म्हणजे झिजलेलं ॲल्युमिनियम. पट्टी मोठी आणि उघडा पत्रा नखाएवढा असेल तर सगळी झीज त्या नखाएवढ्या जागेत होते, म्हणून भोकं इतक्या लवकर पडतात.

उपाय म्हणजे धातूला धातू टेकू न देणं. जाळीच्या प्रत्येक स्क्रूखाली नायलॉनचा वायसर, शक्य तिथे खांद्याचा, म्हणजे स्क्रूचा दांडाही भोकाच्या कडेला लागत नाही. जाळी आणि ब्रॅकेटमध्ये दीड मिमीची रबरी पट्टी. स्क्रूच्या आट्यांना जाड ग्रीस. पट्टीच्या प्रत्येक खुंटीभोवती बुटाइल रबराचा मऊ गोळा, वाटाण्याएवढा. तो सहसा कडक होत नाही आणि पाणी आत जाऊ देत नाही.

त्याऐवजी सिलिकॉन लावलंत का? व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडतं आणि उघड्या पत्र्याला त्यानेच गंज सुरू होतो. सिलिकॉन वापरायचंच असेल तर नळीवर ‘न्यूट्रल’ लिहिलेलं घ्या. पट्टीच्या खालच्या कडेला मात्र काहीही भरू नका. आत गेलेलं पाणी बाहेर पडायला तेवढी एकच वाट असते.

प्रश्न (नागपूर) : जुने भाग परत क्रोम करून घ्यावेत की नवे घ्यावेत?

उत्तर : भाग कशाचा आहे त्यावर सगळं अवलंबून. बरेच जण चुंबक लावून ठरवतात आणि फसतात. गाड्यांच्या पट्ट्यांना वापरलं जाणारं स्टेनलेस पुष्कळदा चुंबकाला चिकटतं, म्हणून चिकटलं तर ते क्रोम केलेलं लोखंडच असं नाही. मागची बाजू पाहा. तिथे तांबडा गंज आणि सोलणारा थर असेल तर लोखंड. मागची बाजूही पुढच्यासारखीच राखाडी-चकचकीत आणि गंज नाही, तर स्टेनलेस. जड, न चिकटणारं आणि तुटल्या जागी करडं-दाणेदार दिसणारं ते मझाक. हलकं ते ॲल्युमिनियम.

स्टेनलेस असेल तर फेकूच नका, कितीही पोचे असोत. मागून लाकडाच्या बोथट खुंटीने पोचे उचला, ३२० मग ६०० मग १००० चा पाण्याचा पॉलिश पेपर, मग बफ (चमक आणणारं कापडी चाक). मूळ पट्टीची वळणं नव्या पट्टीत सहसा येत नाहीत. लोखंडी भाग गंजून आरपार गेला नसेल तर परत क्रोम होतो. ॲल्युमिनियमला बफ लावण्याआधी विचार करा. वरचा ॲनोडाइझचा (विजेच्या प्रक्रियेने केलेला संरक्षक) थर घासून गेला की दोन महिन्यांत ते काळवंडतं, तेव्हा ॲनोडाइझ करणाऱ्याकडेच द्या.

मझाकवर खड्डे पडले असतील तर नवा भाग घ्या, जर मिळत असेल तर. खड्डा वरून टाचणीच्या टोकाएवढा दिसतो, आत तो पसरलेला असतो. प्लेटिंगवाल्याने प्रत्येक खड्डा खोदून, तांबं चढवून, भरून, घासून काढायला हवा आणि हे काम फार थोडे करतात. बाकीचे आम्लात बुडवतात, आम्ल जस्त खातं आणि तुमच्या हाती अक्षरं पुसलेलं चिन्ह येतं.

नवा भाग घेताना प्लेटिंग नीट पाहा. चमक क्रोमची असली तरी गंज अडवतं ते खालचं निकेल. क्रोमचा थर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, निकेलचा १० ते ४०. स्वस्त मालात निकेल कमी असतं आणि मागच्या बाजूला जवळजवळ नसतंच. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पट्टीवर पाहा. ते लाटांसारखं हललं तर खालचा धातू नीट घासलेला नाही. कोपऱ्यांत पिवळसर झाक दिसली तर तिथे क्रोम पोचलंच नाही. घेतल्यावर मागच्या बाजूला प्रायमर आणि वर मेण किंवा लॅकर मारून मगच बसवा.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : १९६५ च्या फोर्ड मस्टँगवर नवं बॉनेट, नवी जाळी आणि बॉनेटच्या पुढच्या कडेची एफ-ओ-आर-डी ही अक्षरं बसवतो आहे. अक्षरं आत जात नाहीत आणि जाळी १९६६ ची तर नाही ना, अशी शंका येते.

उत्तर : जाळीचं लगेच कळतं. १९६५ ला मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी आणि घोड्याच्या चिन्हाच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी आडवे दांडे. १९६६ ला आडव्या बारीक पट्ट्या आणि घोडा चौकटीत, पण बाजूचे दांडे नाहीत. गाडी ऑगस्ट १९६४ च्या आधी बनलेली असेल तर आणखी एक पाहा. त्या सुरुवातीच्या गाड्यांच्या बॉनेटच्या पुढच्या कोपऱ्यांची कड तिरपी होती आणि हेडलाइटच्या बाजूचे भागही तसेच कापलेले. नंतरचं बॉनेट त्यावर बसवलं तर फट कधीच जुळत नाही, माणूस मात्र बिजागऱ्या फिरवत बसतो.

अक्षरांना प्रत्येकी दोन खुंट्या, म्हणजे आठ भोकं आणि आठ नळीसारखे नट. नट आधी बॉनेटमध्ये बसवायचे, मग अक्षर. नव्या बॉनेटच्या भोकांत प्रायमरचा जाड थर असतो, तो आधी गोल कानशीने साफ करा. खुंटीची जाडी व्हर्नियरने मोजा. नव्या अक्षरांवर प्लेटिंगमुळे खुंटी फुगलेली असते, तिथे बारीक कागदाने घासून उतरवा. मग खुंटीला मेण लावा आणि अंगठ्याने सरळ दाबा, तिरकं नाही. ठोकू नका. पुढे कधी काढावं लागलं तर बाहेरून पेचकस घालू नका, बॉनेट उघडून आतून खुंटीच्या टोकावर लाकडी काडीने ढकला.

प्रश्न (ठाणे) : नकली जाळी लावली तर व्हिंटेज नोंदणी नाकारतील का?

उत्तर : २०२१ च्या केंद्रीय नियमांत ५० वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात असावी आणि चॅसिस, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल नसावा अशी अट आहे. मूळ घाटाचीच जाळी मूळ जागी बोल्टने लावणं हा सांगाड्यातला बदल नव्हे. जाळी बसावी म्हणून पुढचा पत्रा कापणं, वेगळ्या मॉडेलचं तोंड लावणं हे मात्र अंगाशी येऊ शकतं. जुना भाग, बिल आणि बसवण्याआधीचे फोटो जपून ठेवा. गाडीची आधीच नोंदणी असेल तर मूळ नंबर तसाच राहतो, ‘व्हीए’ अक्षरं असलेल्या नंबरांची मालिका नव्याने नोंदवलेल्या गाड्यांना.

प्रश्न (सोलापूर) : जाळी बसवल्यापासून साठच्या पुढे खडखड वाजते.

उत्तर : गाडी उभी असताना जाळीवर मुठीने हलके ठोकत जा. जिथे आवाज येतो तिथे धातूला धातू लागतोय, मध्ये नमदा किंवा रबर घाला. कुठेच वाजली नाही तर बॉनेटखालचे रबरी टेकू पाहा. ते झिजले की वाऱ्याने बॉनेटची कड जाळीवर आपटते आणि बोल जाळीला लागतो.